उपचारानंतरची सुई उकिरड्यावर नको

(पशुपालक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून आपण चारा पिके, मुक्त गोठा आणि दुधाचे फॅट या विषयांवर ऐकले. माझ्या वाट्याला आलेला विषय तितका गोड नाही. तो कचऱ्याचा विषय आहे. आजारी जनावरावर उपचार केल्यानंतर, लस टोचल्यानंतर किंवा गाय व्याल्यानंतर जे काही मागे उरते, त्याचे पुढे काय करायचे, एवढेच मला सांगायचे आहे. उपचार कसा करावा हे आम्ही पशुवैद्यक तुम्हाला नेहमी सांगतो. उपचार संपल्यावर काय करावे हे मात्र सांगायचे राहून जाते. ती चूक माझ्याही हातून झालेली आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

मी नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. एका शेतकऱ्याच्या गाईची वार अडकली होती. मी गोठ्यावर जाऊन उपचार केला. काम उरकल्यावर वापरलेली सुई, रिकामी कुपी, कापूस आणि हातमोजा गोळा केला आणि शेजारच्या उकिरड्यावर टाकून दिला. त्यात काही चुकले असे ना मला वाटले, ना त्या शेतकऱ्याला. गाय बरी झाली. पुढे उन्हाळ्यात त्या उकिरड्यातले खत शेतात गेले. खत पसरताना त्या घरच्या वहिनींच्या टाचेत सुई घुसली आणि मोडली. पाय सुजला, पू झाला. डॉक्टरांनी टाच चिरून तुकडा काढला. पेरणीचे दिवस त्यांनी अंथरुणावर काढले. ते शेतकरी दवाखान्यात आले, कागदात गुंडाळलेला सुईचा तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही घ्या तुमची सुई. गाईला लागू पडली, पण माणसाला नाही मानवली."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शहरातल्या माणसाने कचरा टाकला की तो त्याच्या नजरेआड होतो. शेतकऱ्याचे तसे नाही. आपण उकिरड्यावर जे टाकतो ते वर्षभरात आपल्याच शेतात येते, आणि आपलीच माणसे ते उघड्या हातांनी, अनवाणी पायांनी पसरतात. आज मी तुम्हाला अनेक गोष्टी सांगणार आहे, पण घरी जाताना एक जरी लक्षात ठेवली तरी पुरे: उपचारासाठी वापरलेली कोणतीही वस्तू उकिरड्यावर जाता कामा नये.

हा कचरा कोणता?

गोठ्यात निर्माण होणाऱ्या अशा कचऱ्याचे साधारण पाच प्रकार करता येतील.

१) टोचणाऱ्या व कापणाऱ्या वस्तू : इंजेक्शनच्या सुया, सलाईनच्या सुया, ब्लेड, फुटलेल्या काचेच्या कुप्या.

२) प्लॅस्टिक व रबर : सिरिंज, सलाईनच्या बाटल्या व नळ्या, हातमोजे, कृत्रिम रेतनाच्या वेळी वापरलेली प्लॅस्टिकची आवरणे, कासदाहावर सडात सोडण्याच्या औषधाच्या नळ्या.

३) रक्त-पू लागलेला कापूस, पट्ट्या व चिंध्या.

४) शरीराचे भाग : वार, गाभडलेले वासरू, शस्त्रक्रियेत काढलेला भाग.

५) औषधे व लसी : मुदत संपलेली औषधे, अर्धवट उरलेल्या कुप्या आणि उरलेली लस.

पहिल्या तीन प्रकारचा कचरा माणसांच्या दवाखान्यातही निघतो. त्यामुळे कायद्यानेही माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना असा भेद केलेला नाही. आपल्या देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ साली आले. त्यानंतर २०१६ साली नवे नियम लागू झाले आणि पुढे त्यात काही दुरुस्त्या झाल्या. माणसांच्या किंवा जनावरांच्या रोगनिदानातून, उपचारातून आणि लसीकरणातून निघणारा कचरा या नियमांत येतो. गावात भरलेले लसीकरण शिबिरही त्यातून सुटत नाही. दवाखाना लहान आहे, खेड्यात आहे, ही सबब चालत नाही.

उकिरड्यात काय होते?

पुष्कळ शेतकरी म्हणतात, "उकिरड्यात सगळे कुजते. रोगाचे जंतूही त्यातच मरत असतील." हे अर्धेच खरे आहे. शास्त्रीय पद्धतीने भरलेल्या कंपोस्ट खड्ड्यात आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि ते काही दिवस टिकले तर बहुतेक रोगजंतू मरतात. परंतु आपला नेहमीचा उकिरडा तसा भरलेला नसतो. रोजचे शेण वरच्यावर पडते, कडा कोरड्या राहतात, ढीग वर-खाली केला जात नाही. मध्यभागी वाफ निघते, पण कडेला आणि वरच्या थरात उष्णता पोहोचत नाही. शिवाय सुई कुजत नाही, काच कुजत नाही, प्लॅस्टिक कुजत नाही. उकिरड्याभोवती कुत्री, डुकरे, कोंबड्या आणि लहान मुले वावरतात, ते निराळेच.

यातून होणाऱ्या रोगांपैकी तीन रोग प्रत्येक पशुपालकाला माहीत असलेच पाहिजेत.

धनुर्वात : या रोगाच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात असतात. शेणाने माखलेली सुई पायात खोल गेली की जंतूंना वाढायला हवी तशी बंद जागा मिळते. जखम लहान दिसते, रक्तही फारसे येत नाही, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. तिथेच घात होतो.

सांसर्गिक गर्भपात म्हणजेच ब्रुसेलोसिस : या रोगात गाय किंवा म्हैस बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते आणि पुष्कळदा वार अडकते. गाभडलेले वासरू, वार आणि त्यासोबत येणारा स्राव यांत रोगजंतू अतोनात असतात. कडक उन्हात ते लवकर मरतात. मात्र सावलीत, ओलाव्यात आणि थंडीत ते कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही जिवंत राहतात. माणसाला हा रोग हाताच्या जखमेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून, श्वासावाटे आणि कच्च्या दुधातून होतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात, पुरुषांच्या वृषणाला सूज येते. हिवताप किंवा विषमज्वर समजून महिनोन् महिने औषधे घेतली जातात आणि माणूस कामातून जातो. योग्य निदान झाले तर उपचार आहे, पण तो किमान सहा आठवडे चिकाटीने घ्यावा लागतो.

फाशी, ज्याला माणसात काळपुळी म्हणतात : जनावर अचानक मरते. नाका-तोंडातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. या रोगाच्या जंतूंची बीजे जमिनीत किती काळ टिकतात याचे एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुइनार्ड नावाच्या लहानशा बेटावर या जंतूंची चाचणी मेंढ्यांवर घेण्यात आली. त्यानंतर ते बेट माणसांना बंद करावे लागले. १९८६ साली सबंध जमिनीवर समुद्राच्या पाण्यात मिसळलेले फॉर्मल्डिहाइड शिंपडण्यात आले, आणि ते सुरक्षित असल्याचे जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. आपल्या बांधावर फाशीने मेलेले जनावर कुणी फाडले, तर ती जागा अशीच पिढ्यान् पिढ्या धोक्याची राहू शकते.

लसीची कुपी : रिकामी असली तरी रिकामी नसते

सरकारने २०१९ साली लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना आणि पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच टोचली जाते. लस चांगली आहे. ती टोचून घ्यावीच. परंतु ही लस जिवंत जंतूंची आहे, हे ध्यानात ठेवा. ते जंतू कालवडीला सोसतात, माणसाला सोसत नाहीत. लसीची सुई चुकून माणसाला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसाला हाच रोग होऊ शकतो. म्हणूनच लस टोचणारे कर्मचारी हातमोजे, चष्मा व मास्क वापरतात.

आता तुम्ही सांगा, लस टोचताना वासरू कोण धरते? तुम्हीच धरता, तुमची मुले धरतात. वासराने उसळी मारली की सुई कर्मचाऱ्याच्या हातून निसटून धरणाऱ्याच्या हातात घुसू शकते. म्हणून ही लस टोचताना वासरू खोड्यात किंवा दावणीला पक्के बांधावे. धरणाऱ्यानेही हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालावा. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना जवळ येऊ देऊ नये. रिकामी कुपी मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. तिच्या तळाशी राहिलेल्या थेंबातही जंतू असतात. कुप्या, सुया आणि उरलेली लस मोजून कर्मचाऱ्यांनी परत नेली पाहिजे.

सुयांची संख्या किती असते, याचाही अंदाज घ्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्या राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आहेत. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा गावोगावी गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरू नये हा नियम योग्यच आहे, नाही तर लसीबरोबर रोगही पुढच्या जनावराला जातो. पण त्याचा अर्थ असा की, चारशे जनावरांच्या गावात एका दिवसात चारशे सुया निघतात. त्या कुठे जाणार हे शिबिराच्या आधीच ठरले पाहिजे.

दवाखान्यात काय असावे?

आपल्या गावच्या दवाखान्यात, मग तो माणसांचा असो वा जनावरांचा, पुढील चार रंगांचे डबे किंवा पिशव्या दिसल्या पाहिजेत.

पिवळा : शरीराचे भाग, वार, रक्त-पू लागलेला कापूस व पट्ट्या, मुदत संपलेली औषधे. हा कचरा मुख्यतः विशेष भट्टीत जाळण्यासाठी जातो.

लाल : सुई काढलेल्या सिरिंज, नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे. हे आधी दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात, मग त्यांचे तुकडे करून प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणतात.

पांढरा : सुया आणि ब्लेड. हा डबा सुई आरपार जाणार नाही असा कठीण असतो.

निळा : काचेच्या कुप्या व बाटल्या.

भरलेल्या पिशव्या प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. ७५ किलोमीटरच्या आत सामूहिक प्रक्रिया केंद्राची सोय असेल तर कचरा तिकडेच द्यावा लागतो, दवाखान्याने स्वतःची भट्टी उभारायची नसते. हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्याचे काम राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

"एवढे सगळे कशाला? मागच्या अंगाला काडी लावली की झाले," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उघड्यावर पेटवलेल्या ढिगात तापमान कमी-जास्त असते. प्लॅस्टिक अर्धवट जळते आणि त्यातून डायऑक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये धुराबरोबर बाहेर पडतात. ती चाऱ्यावर बसतात आणि दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. विशेष भट्टीत दुसरा कप्पा असतो आणि त्यात धूर १,००० अंशांहून अधिक तापमानाला पुन्हा जाळला जातो. ती सोय आपल्या परसात होणार नाही. शिवाय असल्या आगीत सुया वितळत नाहीत. राख खतात मिसळली की त्या पुन्हा शेतात येतात.

वापरलेली सिरिंज भंगारवाल्याला देणे हे तर त्याहून वाईट. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात ब-प्रकारच्या कावीळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे त्या वेळी पुढे आले. म्हणून सिरिंज फेकण्यापूर्वी तिची सुई व टोक कापणीयंत्राने कापून ती निकामी करावी, असा नियम आहे.

गोठ्यावर काय करावे?

१) उपचार करून झाल्यावर पशुवैद्यकाला स्पष्ट विचारावे, "डॉक्टर, सुई आणि कुपी परत नेता ना?" असे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. गोठ्यावर जे साहित्य आम्ही आणतो, त्याचा कचरा परत नेणे हे आमचेच काम आहे.

२) गोठ्यात सुयांसाठी एक डबा ठेवावा. खाद्यतेलाचा किंवा फिनेलचा जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा कॅन त्यासाठी चालतो. कीटकनाशकाचा डबा वापरू नये. त्यावर मोठ्या अक्षरात "सुया – हात लावू नये" असे लिहावे आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर बांधून ठेवावा. तीन चतुर्थांश भरला की झाकण पक्के लावून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा.

३) वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवण्याचा खटाटोप करू नये. पुष्कळ सुया तेव्हाच टोचतात. सुई सरळ डब्यात टाकावी.

४) हातमोजे, नळ्या, कासदाहाच्या औषधाच्या नळ्या वेगळ्या पिशवीत जमवून दवाखान्यात पोचवाव्यात. नाल्यात, विहिरीत किंवा बांधावर टाकू नयेत. जनावराने असले प्लॅस्टिक चाऱ्याबरोबर खाल्ले की पोटफुगीचे दुखणे मागे लागते.

५) जनावर गाभडले तर वार किंवा वासरू उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांवर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून बांधाव्यात. नाक-तोंड फडक्याने झाकावे. पशुवैद्यकाला कळवावे, म्हणजे नमुना तपासणीला पाठवता येईल. तोपर्यंत जागेवर कुत्री येऊ देऊ नयेत. गाभडलेल्या जनावराला वेगळे बांधावे व घरातले दूध उकळल्याशिवाय कुणीही पिऊ नये.

६) वार कुत्र्यांना घालणे किंवा झाडाला टांगणे या रीती सोडून द्याव्यात. ती खोल पुरावी.

७) दूषित जागा आधी शेण-माती खरवडून साफ करावी. ती खरवड वारेबरोबर पुरावी. मग जागेवर ब्लिचिंग पावडरचे पाणी ओतावे. प्रमाण एक लिटर पाण्यास १५ ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे साधारण दीड टक्का. वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. शेणावरच औषध ओतल्यास त्याचा जोर वाया जातो. हे पाणी रोज ताजे करावे आणि संडास साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पुरण्याचा खड्डा कसा असावा?

वार, गाभडलेले वासरू यांसारख्या कचऱ्यासाठी, जिथे प्रक्रिया केंद्राची गाडी पोहोचत नाही अशा दूरच्या खेड्यांत, नियमांनी खोल खड्ड्याची मुभा दिली आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. कचऱ्याने तो निम्माच भरावा. प्रत्येक वेळी कचरा टाकल्यावर त्यावर दहा सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. निम्मा भरला की वरची अर्धा मीटर जागा सोडून तेथपर्यंत चुना भरावा आणि उरलेली जागा मातीने बंद करावी. तोंडावर जाळी किंवा पत्र्याचे झाकण असावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खड्ड्याच्या तळापासून भूजलाची पातळी किमान सहा मीटर खाली असली पाहिजे. विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी किंवा पाणी साचणाऱ्या रानात असा खड्डा घेऊ नये. सुया, काच आणि प्लॅस्टिक या खड्ड्यात टाकू नये.

मेलेले जनावरही असेच वस्तीपासून व पाण्यापासून दूर, खोल पुरावे. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. जनावर अचानक मेले असेल आणि नाका-तोंडातून रक्त आले असेल तर त्याला हात लावू नये, कातडे काढू नये, फाडू नये. पशुवैद्यक येईपर्यंत कुत्री-घारी दूर ठेवाव्यात. त्याची विल्हेवाट त्यांच्या देखरेखीखालीच व्हावी.

पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे तासाभरात साफ करत. आज ती जवळजवळ दिसेनाशी झाली आहेत. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही बंदी आली. म्हणून माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक जनावराला टोचू नका. गिधाडे गेली आणि त्यांची जागा मोकाट कुत्र्यांनी घेतली. मेलेल्या जनावरावर जगणाऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या म्हणजे पिसाळण्याच्या रोगाला आमंत्रण आहे.

सुई टोचलीच तर?

घाबरू नये, पण टाळाटाळही करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी. पिळू नये, तोंडाने चोखू नये. चुना, हळद, तंबाखू, शेण यांपैकी काहीही भरू नये. डोळ्यात उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

सुई माणसाला वापरलेली असेल तर कावीळ आणि एचआयव्ही यांचाही धोका असतो. एचआयव्ही टाळण्याचे औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. ७२ तासांनंतर ते सुरू करण्याचा उपयोग नसतो. सुई ब्रुसेलोसिसच्या लसीची असेल तर डॉक्टरांना लसीचे नाव स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास लसीच्या कुपीवरील चिठ्ठीची नक्कल बरोबर न्यावी. माणसांच्या डॉक्टरांना ही लस रोज पाहण्यात येत नाही. तुम्ही सांगितले नाही तर त्यांना कळणार नाही.

शेतकऱ्यांचे काही प्रश्न

भाषणानंतर विचारले गेलेले तीन प्रश्न सर्वांच्या उपयोगाचे असल्याने येथे देत आहे.

"सुया डब्यात भरून शेतातच खोल पुरल्या तर?" नको. आज तुम्हाला जागा माहीत आहे. दहा वर्षांनी तिथे शेततळे खोदले जाईल किंवा जलवाहिनीसाठी चर काढला जाईल, आणि खोदणाऱ्याला ती माहीत नसेल.

"सुया उकळून पुन्हा वापरल्या तर कचराच कमी होईल ना?" एकदाच वापरायच्या सुया उकळून वापरू नयेत. त्यांचे टोक बोथट होते, आतली नळी साफ होत नाही आणि गळू, सूज येते. वाचलेल्या दोन रुपयांपेक्षा जनावराचे दुखणे महाग पडते.

"दवाखान्याने डबा परत घेतला नाही तर?" प्रथम तेथील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे. तरीही जमले नाही तर ग्रामसभेत विषय मांडावा, ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा कचरा नेणारी गाडी बऱ्याच ठिकाणी येते. पशुवैद्यकीय दवाखान्याचा कचराही तिलाच देण्याची व्यवस्था गावकरी, दूध संस्था आणि अधिकारी एकत्र बसले तर करता येते. एकट्या शेतकऱ्याने डबा घेऊन फिरण्यापेक्षा दूध संस्थेत एक मोठा डबा ठेवणे सोपे. रोज दोन वेळा दूध घालायला सगळे तिथे येतातच.

बंधू-भगिनींनो, यात फार खर्चाचे काहीच नाही. एक जुना कॅन, थोडी ब्लिचिंग पावडर, एक खड्डा आणि एक प्रश्न विचारण्याचे धाडस, एवढेच लागते. येत्या वैशाखात तुम्ही उकिरडा उपसाल, खताच्या गाड्या भराल, घरातली बाया-माणसे ते खत पसरायला जातील. त्यांच्या पायाखाली आमची सुई येऊ नये, याची जबाबदारी आम्ही डॉक्टरांनी आणि तुम्ही पशुपालकांनी मिळून घ्यावी, एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवतो.